भाव शिकागोत, पेरा कळंबात

जागतिकीकरणाने गरीब देशांचे भले झाले की वाटोळे, हा वाद मराठीतही आता तीस-पस्तीस वर्षांचा झाला. दोन्ही बाजूंचे आकडे वाचकांना पाठ झाले आहेत. १९९० साली जगातली साधारण ३६ टक्के माणसे अतिदारिद्र्यात होती आणि २०१५ पर्यंत ते प्रमाण दहा टक्क्यांवर आले, असे जागतिक बँक सांगते. जगदीश भगवती यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ याचे श्रेय खुल्या व्यापाराला देतात. जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी २००२ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात नाणेनिधीने गरीब देशांवर घाईने लादलेल्या खुलेपणाची किंमत मोजून दाखवली. दोघांचेही म्हणणे देशाच्या सरासरीवर उभे आहे, आणि सरासरीत पुणे आणि परंडा एकाच रकान्यात बसतात. माझ्या मते हा प्रश्न जिल्ह्याच्या पातळीवर उतरवल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी धाराशिव हा जिल्हा निवडण्याचे कारण साधे आहे. उदारीकरणाला २६ वर्षे होऊन गेल्यावर, जानेवारी २०१८ मध्ये, नीती आयोगाने देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची यादी काढली आणि त्यांना 'आकांक्षित' असे नाव दिले. त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे होते: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव. पहिल्या दोन ठिकाणी डोंगर, जंगल आणि आदिवासींवरचा जुना अन्याय ही कारणे पुढे करता येतात. धाराशिवला तसे काही नाही. काळी जमीन आहे, पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग-उमरग्यातून जातो, शेजारी लातूर-सोलापूरसारख्या पेठा आहेत. आठ तालुके, २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांवर लोकसंख्या, आणि शंभरातली त्र्याऐंशी माणसे खेड्यात.

जगाशी व्यवहार या मुलखाला नवा नाही. तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्री प्रवासाच्या माहितीपुस्तकात तगरचा उल्लेख मोठे नगर म्हणून येतो. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ते आहे, आणि तिथून जाडेभरडे कापड, तलम मलमल असा माल धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात येतो, असे तो नोंदवतो. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्या घडणीशी जुळणारी मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली. इथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की तगरहून कापूस जात नव्हता, कापड जात होते. पिंजणे, कातणे, विणणे, रंगवणे, यातले सगळे काम इथल्या हातांनी होऊन मग माल बाहेर पडत होता.

दुसऱ्या खेपेला जग आले ते कर्जाच्या वाटेने. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च निजामाच्या अंगावर थकला, तेव्हा १८५३ च्या तहाने वऱ्हाड आणि रायचूर दोआबाबरोबर धाराशिवचा प्रांतही कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. १८६० मध्ये तो परत मिळाला. वऱ्हाड मात्र मिळाले नाही, तिथे कापूस होता. पुढे लंडनमध्ये नोंदलेल्या बार्शी लाईट रेल्वे कंपनीने एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरच्या आखणीने अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ मध्ये बार्शीला आणि १९११ मध्ये येडशी-ढोकीवरून लातूरला नेली. या गाडीतून बाहेर गेला तो कापूस, करडई, जवस आणि धान्य. कापड आता बाहेरून येऊ लागले होते. जगाशी संबंध वाढला आणि गावात उरणारे काम घटले, हा क्रम या जिल्ह्याने १९९१ च्या आधीच एकदा पाहिलेला आहे.

१९९१ ची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. परकी चलन संपत आले, जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण पडले, २४ जुलैला मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला. धाराशिवला जागतिक संस्थांचे पहिले थेट दर्शन मात्र अर्थसंकल्पातून झाले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. आपल्या जिल्ह्यात सास्तूर आणि आसपासच्या गावांनी सर्वाधिक सोसले. पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचे कर्ज आले, दोन्ही जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसली. दगड-मातीच्या वाड्यांच्या जागी सरळ रांगांतली घरे आली. शेत आणि घर यांतले अंतर वाढले, जनावरांना गोठा उरला नाही. तरीही या पैशाला नुसती नावे ठेवणे अन्यायाचे होईल. दुरुस्ती आणि बळकटीकरणाच्या कामात गावातल्या बायकांना माहिती देणाऱ्या, देखरेख करणाऱ्या म्हणून उभे करण्यात आले, आणि त्यातून महिलांचे जे गट तयार झाले ते तीस वर्षांनंतरही टिकून आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊ.

खुलेपणावरचा सर्वांत कडवा आणि सर्वांत मोलाचा वाद त्या काळात शेतकरी चळवळीत झाला. मराठवाड्याने शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या सभा ऐकल्या होत्या. जागतिक व्यापार करारासाठीचा डंकेल प्रस्ताव आला तेव्हा डावे, स्वदेशीवाले, कर्नाटकातले शेतकरी नेते नंजुंडस्वामी विरोधाच्या बाजूला गेले. डिसेंबर १९९२ मध्ये नंजुंडस्वामींच्या संघटनेने बंगळुरात कारगिल या बियाणे कंपनीचे कार्यालय मोडले. जोशी दुसऱ्या बाजूला उभे राहिले. त्यांचा मुद्दा असा होता की शेतकऱ्याला लुटणारा मुख्य दलाल परदेशी कंपनी नसून आपलेच सरकार आहे. निर्यातबंदी, साठाबंदी, लेव्ही यांनी ते देशातले भाव जगापेक्षा खाली दाबून ठेवते. व्यापार करारासाठी भारताने स्वतः सादर केलेल्या हिशेबात १९८६ ते १९८८ या वर्षांत पिकांना मिळालेली मदत उणे निघाली होती, म्हणजे अनुदान लांबच, उलट शेतकऱ्याकडूनच वसुली चालली होती. जोशींनी हा कागद हातात धरून दरवाजा उघडा म्हटले. मला त्यांचे विश्लेषण आजही बरोबर वाटते आणि त्यांची आशा चुकलेली वाटते. दरवाजा उघडला, पण त्याची कडी सरकारच्याच हातात राहिली. भाव पडलेले असताना बाहेरचा माल आत येऊ द्यायचा आणि बाहेर भाव असताना आतला माल जाऊ द्यायचा नाही, अशी दुहेरी सोय तयार झाली. ती कशी चालते हे सोयाबीनच्या एका पिकात पुरते दिसते.

सोयाबीन हे इथले जुने पीक नाही. खरिपात मूग, उडीद, तूर, खरीप ज्वारी, तीळ. रब्बीत शाळू, करडई, हरभरा, ही मागच्या पिढीपर्यंतची रीत. १९८६ मध्ये केंद्राने तेलबियांचे तंत्रज्ञान अभियान सुरू केले आणि नव्वदीच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. ही कामगिरी चार-दोन वर्षांपलीकडे टिकू दिली गेली नाही. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली आणि पुढच्या काही वर्षांत आयातशुल्क खाली आणण्यात आले. जागतिक व्यापार संघटनेत बहुतेक खाद्यतेलांवर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्याची मुभा भारताने राखून ठेवली होती. एकट्या सोयातेलावरची मर्यादा ४५ टक्के होती. म्हणजे आडकाठी करारात फारशी नव्हतीच, आपल्याच धोरणात होती. आज देशाला लागणाऱ्या तेलाचा निम्म्याहून मोठा वाटा इंडोनेशिया, मलेशिया, अर्जेंटिना, ब्राझील, रशिया, युक्रेनहून येतो. करडईचे घाणे बंद पडले. ज्या मराठवाड्यात करडईचे तेल हेच घरचे तेल होते, तिथे खेड्यातल्या दुकानात पामतेलाची पिशवी लटकू लागली.

करडई जात असताना सोयाबीन आले, आणि शेतकऱ्याने ते डोळे उघडे ठेवून घेतले. जबलपूरचे जेएस-३३५ हे वाण १९९४ च्या सुमारास आले, परभणीच्या कृषी विद्यापीठाचे एमएयूएस-७१ आले. शंभर दिवसांत पीक निघते, दिवाळीआधी पैसा हाती येतो, मागून हरभरा किंवा शाळू पेरता येतो, मळणीयंत्रात एका दिवसात रास होते, रानडुकरे सोडली तर राखणही कमी. बियाणे घरचे ठेवता येते. कापसाच्या मानाने खर्च थोडा. लातुरात तेल काढणारे प्लांट उभे राहिले आणि कळंब, मुरूम, उमरगा, धाराशिवच्या आडतीवर रोख भाव मिळू लागला. वीस वर्षांत ते जिल्ह्याचे मुख्य खरीप पीक झाले. इथल्या किती घरांची लग्ने, मुलांची शिक्षणे, विहिरी या पिकावर झाल्या हे विसरून चालणार नाही.

पण हे पीक घरात खात नाहीत. ज्वारी पडलेल्या भावात विकायची नसली तर कणगीत ठेवता येत होती. माणसांना भाकरी आणि जनावरांना कडबा मिळत होता. सोयाबीनच्या कुटाराने बैल पोसत नाही. कडबा गेला तसे बैल गेले, बैल गेले तसे शेणखत गेले, आणि नांगरटीपासून मळणीपर्यंत प्रत्येक कामाला रोख पैसा लागू लागला. शेतकरी बाजारात दोनदा उभा राहतो: एकदा सोयाबीन विकायला आणि नंतर त्याच पैशातून ज्वारी, डाळ, तेल विकत घ्यायला. या पिकाने जिल्ह्याचे पोट बाजाराशी बांधले, आणि त्या बाजाराचा भाव लातूरही ठरवत नाही.

एक क्विंटल सोयाबीनमधून सुमारे १८ किलो तेल निघते आणि ८० किलोच्या आसपास पेंड. पेंडीला व्यापारी 'डीओसी' म्हणतात. तेलाचा भाव मलेशियाच्या पामतेलाशी बांधलेला, पेंडीचा शिकागोच्या वायदेबाजाराशी. तिथे ब्राझील आणि अमेरिकेचे पीक भाव ठरवते. त्यांचे हेक्टरी उत्पादन तीन टनांच्या पुढे, आपले एक टनाच्या आसपास. आपले कोरडवाहू, त्यांचे जनुकबदल केलेले, यंत्रांनी पेरलेले. २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के कर लावला आणि शिकागोचे भाव दहा वर्षांच्या तळाला गेले. ज्या भांडणात कळंबच्या शेतकऱ्याचा काही संबंध नव्हता त्याची झळ त्याच्या आडतीच्या हिशेबपट्टीवर उतरली.

हे झाले बाजाराचे. आता सरकारच्या हातातल्या कडीचे पाहू. २०२१ च्या उन्हाळ्यात जगभर तेलबिया महागल्या. सोयाबीन ऑगस्टमध्ये काही बाजारांत क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेले. कोंबडीपालकांनी खाद्य महागल्याची ओरड केली, आणि त्यांची अडचण खरी होती; त्यांतलेही बरेच जण लहान शेतकरीच आहेत. केंद्राने त्याच महिन्यात १२ लाख टन जनुकबदल सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. जे बियाणे इथे पेरणे कायद्याने बंद आहे त्याचीच पेंड बाहेरून आणायला मात्र सरकारची मान्यता मिळाली. खाद्यतेलावरचे आयातशुल्कही त्या काळात टप्प्याटप्प्याने उतरवण्यात आले. नवे पीक आडतीवर आले तेव्हा भाव पाच हजारांच्या आसपास होता. पुढे तो काहीसा सावरला, पण ज्याने काढणी होताच देणेकऱ्यांसाठी माल विकला त्याच्या हाती काही आले नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे 'सेबी'ने थांबवले आणि ती बंदी वर्षामागून वर्षे वाढत गेली. जगाच्या बाजारात भाव पडला तर त्याची झळ बसतेच, पण त्या पडझडीपासून बचावाचे एक साधनही हातातून गेले.

सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, कच्च्या खाद्यतेलावरचे शुल्क शून्यावरून २० टक्के झाले. तरी सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्या खाली, चार हजारांच्या आसपासच घोटाळत राहिले. कारण त्या ऐंशी किलो पेंडीत आहे. जगात पेंड स्वस्त होती, आणि देशात मका व तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा कोंबडीखाद्यात पेंडीची जागा घेऊ लागला होता. एका हाताने तेलाला संरक्षण आणि दुसऱ्या हाताने पेंडीला स्पर्धक, असे दोन धोरणांचे एकमेकांशी भांडण शेतकऱ्याच्या काट्यावर सुटले. हमीभावाच्या केंद्रांवर ओलाव्याची १२ टक्क्यांची अट होती. ती १५ टक्क्यांवर आणली तोवर नोव्हेंबर निम्मा सरला होता आणि गरजवंताचा माल विकून झाला होता. मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे शुल्क पुन्हा १० टक्क्यांवर उतरले. २०१४ च्या उन्हाळ्यातही सोयाबीन चार हजारांवर विकले गेले होते, हे इथला कोणताही शेतकरी पट्टी काढून दाखवील. या दहा वर्षांत डिझेल, खत, तणनाशक, मजुरी, शाळेची फी यांतले काहीही जागचे राहिलेले नाही.

तुरीची गोष्ट याच वळणाची, म्हणून थोडक्यात. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली. जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी डाळी आणण्याचा दीर्घ मुदतीचा करार केला. त्याच वर्षी भाव पाहून मराठवाड्याने भरभरून तूर पेरली, पाऊस चांगला झाला, विक्रमी पीक आले आणि २०१७ च्या सुरुवातीला भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाच्या बराच खाली गेला. खरेदी केंद्रांपुढे वाहनांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला. जूनमध्ये पुणतांब्यातून शेतकरी संप उभा राहिला. सरकारने आयातीवर बंधने घातली, आणि मे २०२१ मध्ये तुरीची आयात पुन्हा खुली केली. ती मुदत वाढतच आली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळा वाटाणा शुल्काशिवाय येऊ लागला, तो हरभऱ्याच्या मुळावर उठला. कांद्याचे उलट. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरमध्ये संपूर्ण बंदी, मे २०२४ पर्यंत. शहरातल्या गरिबाला डाळ-कांदा परवडला पाहिजे हे मी मान्य करतो. त्याची किंमत सरकारने तिजोरीतून द्यावी. ती धाराशिवच्या तीन एकरवाल्याकडून वसूल करणे हे जागतिकीकरण नव्हे, ती जुनी लेव्हीच आहे.

ऊस वेगळा आहे, कारण तो या जिल्ह्याच्या पाण्याला न पेलणारा. १९९८ मध्ये साखर कारखान्यांसाठीची परवान्याची सक्ती रद्द झाली आणि खासगी कारखानदारीला वाट मिळाली. कळंब तालुक्यातल्या रांजणीचा नॅचरल शुगर हा याच काळातला. ढोकीचा तेरणा सहकारी कारखाना मात्र कर्जात बुडून कित्येक वर्षे बंद राहिला आणि मग भाड्याने दुसऱ्याच्या हाती गेला. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या ऊस-साखर अनुदानावर जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताच्या विरुद्ध गेला, भारताने अपील केले. गंमत नाही, पण विचित्र योग असा की त्याच हंगामात देशाने साखरेची विक्रमी निर्यात केली आणि पुढच्या दोन वर्षांत निर्यात स्वतःहून बंद केली. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंदी आली, ज्यांनी त्यासाठी कर्ज काढून आसवन्या उभारल्या ते अडकले. तरीही ऊस टिकून आहे, कारण त्याला एफआरपी नावाचा कायद्याने ठरलेला भाव आहे आणि सोयाबीनला नाही. शेतकरी पाणी पिणाऱ्या पिकाकडे जातो यात त्याचा हव्यास कमी आणि आपले भावधोरण जास्त आहे. २०१५-१६ च्या दुष्काळात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हाही हे गणित बदलले नाही. आणि याच जिल्ह्यातल्या भूम, वाशी, कळंबच्या डोंगरपट्ट्यातली माणसे दरवर्षी मुकादमाची उचल घेऊन कोयता खांद्याला लावून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. साखर जगात विकली जावो की न जावो, तोडणीचा दर त्या भावाशी कधीच जोडला गेला नाही.

द्राक्ष-बागायतदारांनी जगाच्या बाजारातून कमावले, हेही सांगायला हवे. तुळजापूर, धाराशिव भागात चांगल्या बागा आहेत. २०१० मध्ये युरोपने क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशांवरून भारतीय द्राक्षे अडवली, निर्यातदार हादरले, पण त्या धड्यातून फवारणीची नोंद आणि तपासणीची शिस्त आली. ज्याच्याकडे विहीर, भांडवल, शीतगृह आणि माहिती आहे त्याला खुला बाजार मानवतो. भूमचा खवा दुसऱ्या टोकाला: घरोघरच्या भट्ट्या, म्हशीचे दूध, कुंथलगिरीचे पेढे. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारताने 'आरसेप' या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून माघार घेतली. त्यामागे न्यूझीलंडच्या दूधभुकटीचे भय मोठे होते, आणि भूमच्या भट्ट्यांसाठी तो निर्णय योग्यच होता असे मला ठामपणे वाटते.

जोखमीचा बाजारही खुला झाला. १९९९ च्या कायद्याने विमा क्षेत्रात खासगी कंपन्या आणि २६ टक्के परकी भांडवल आले. २०१६ च्या पीकविमा योजनेत त्यांना जिल्हे वाटून मिळाले. २०२० च्या खरिपात धाराशिवला परतीच्या पावसाने सोयाबीन काढणीला आलेले असताना गाठले. भरपाईसाठी शेतकऱ्यांना कोर्टात जावे लागले आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. हप्ता वेळेवर कापला जातो आणि भरपाईला वकील लागतो, अशा विम्याने जोखीम कमी होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम परिसरात माणसे छपरांवरून वाचवावी लागली, उभे सोयाबीन पाण्यात कुजले, मातीही वाहून गेली. जगाने तापवलेल्या हवेचा हिशेब कोणत्याच व्यापार करारात नाही.

मग या जिल्ह्याला मिळाले काय? पुष्कळ काही. धाराशिवहून सोलापूर किंवा बीडला जाणारा चौपदरी रस्ता, हातातला फोन, त्यावर सकाळी लातूरचा भाव, मुलींच्या हाती पदवी. आडत्या सांगेल तो भाव मुकाट घेण्याचे दिवस गेले. आणि पुणे मिळाले. हडपसर, चाकण, पिंपरी, हिंजवडी इथे धाराशिवच्या मुलामुलींची आज एक मोठी वसाहतच आहे. त्यांतले थोडे संगणकापुढे बसतात. बरेच कंत्राटी कामगार आहेत, सुरक्षारक्षक आहेत, पाठीवर खाण्याची पेटी घेऊन दुचाकीवर फिरतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा त्यांना परत गावच आठवले, आणि गावाने त्यांना जेवू घातले. आता गावात शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. आईबाप 'पुण्यात आहे' एवढ्यावर सोयरीक जमवतात. २०१५ मध्ये राज्य सरकारने आत्महत्या रोखण्यासाठी बळीराजा चेतना अभियान ज्या दोन जिल्ह्यांत सुरू केले त्यात यवतमाळबरोबर उस्मानाबाद होते. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला इथे एवढी धार का आली, याचे उत्तर जातीच्या दाखल्यांइतकेच तुकडे पडलेल्या जमिनीत आणि सोयाबीनच्या पट्टीत शोधावे लागेल.

ब्रँको मिलानोविच यांनी १९८८ ते २००८ या काळात जगात कुणाचे उत्पन्न किती वाढले याचा आलेख काढला. सर्वांत वर गेला आशियाचा मध्यमवर्ग आणि जगातले अतिश्रीमंत. श्रीमंत देशांचा कामगार जागीच राहिला. अगदी तळाची माणसेही फार हलली नाहीत. धाराशिवचे एकच कुटुंब या आलेखावर दोन ठिकाणी बसते: थोरला शेतावर तळाशी, धाकटा हिंजवडीत चढणीवर. बांगलादेशाने कपडे शिवले, व्हिएतनामने बूट आणि फोन जोडले. तिथेही शोषण आहे, कारखाने कोसळले, बायकांचे हाल झाले. तरी खेड्यातल्या कमी शिकलेल्या मुलीला पगाराचे काम मिळाले. भारताची वाढ सेवाक्षेत्राने झाली, ती महानगरांत थांबली. कौडगाव औद्योगिक वसाहतीत तांत्रिक वस्त्रोद्योग आणण्याची चर्चा गेली काही वर्षे आहे. तो खरोखर आला तर जिल्ह्यात दोनच गोष्टी बाहेर पाठवण्याची, कच्चा माल आणि तरुण माणसे, ही रीत मोडायला सुरुवात होईल. सध्या वाशी-भूमच्या माळावर पवनचक्क्या फिरतात, वीज बाहेर जाते आणि मोबदल्यावरून शेतकऱ्यांचे दलालांशी तंटे होतात.

मला अवघड न वाटणाऱ्या तीन गोष्टी सरकार उद्या करू शकते. आयात केलेले तेल आणि डाळ बंदरावर हमीभावाच्या हिशेबापेक्षा स्वस्त पडणार नाही इतके शुल्क आपोआप वर-खाली व्हावे, ते मंत्र्यांच्या मर्जीवर नसावे. पेरणी झाल्यानंतर त्या हंगामापुरते आयात-निर्यातीचे नियम बदलू नयेत. आणि सोयाबीन लातूरच्या प्लांटला जाण्याआधी त्यावर तालुक्यात काही प्रक्रिया व्हावी; शेतकरी कंपन्या आहेत, त्यांना गोदाम आणि खेळते भांडवल हवे.

गावांनी वाट पाहिलेली नाही. भूकंपानंतर तयार झालेल्या महिलांच्या गटांतून प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने पुढे एक एकराची शेती रुजवली. घरच्या जमिनीतला एक एकर, कुठे अर्धाच, बाईच्या हाती द्यायचा आणि त्यात काय पेरायचे ते तिने ठरवायचे: मूग, उडीद, तूर, ज्वारी, भाजी, खत घरचे, बियाणे राखलेले. पहिले घराला, उरले ते बाजाराला. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. सातबाऱ्यावर बहुतेकींचे नाव अजून नाही, हा एकर नवऱ्याने किंवा सासऱ्याने तोंडी दिलेला असतो. पण सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी घरात डाळ आणि भाकरी असते, आणि कशाला किती खर्च करायचा यात तिचा शब्द चालतो. शाळेची फी, दवाखाना आणि बँकेचा हप्ता यांसाठी लागणारी रोकड त्या एकरातून निघत नाही. त्यामुळे जूनमध्ये पाऊस पडला की उरलेल्या रानात ती आणि तिचा नवरा मिळून सोयाबीनच पेरतात.